गळाच्या काठीला गवसणी

गळाने मासे धरण्यावर इंग्रजीत जे पहिलं छापील लिखाण आहे ते १४९६ सालचं. म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून दोन वर्षं होती. वेस्टमिन्स्टरला विंकिन द वर्ड नावाचा एक मुद्रक होता. त्याने ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या शिकारीवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली आणि तिच्यात मासेमारीचं हे प्रकरण जास्तीचं घातलं. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठाधिकारी बाईंनी ते लिहिलं, असं परंपरेने मानतात. अभ्यासकांना ते फारसं पटत नाही. मला मात्र ते खरं असावं असं वाटत राहतं, कारण त्या लिखाणात जी काटकसर आहे ती घर चालवणाऱ्या माणसाची आहे.

तर त्यात गळाची काठी कशी करावी याची कृती दिली आहे. थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

सप्टेंबरअखेरचा मायकेलमसचा सण आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीचा कँडलमसचा सण, या दोन्हींच्या मधल्या थंडीत हेझल, विलो किंवा अ‍ॅस्पेनचा एक सरळ सोटा तोडायचा. लांबी दीड फॅदम, म्हणजे नऊ फूट. जाडी दंडाएवढी. तो तापलेल्या भट्टीत शेकून सरळ करायचा आणि महिनाभर वाळू द्यायचा. मग एका चौकोनी तुळईला दोरीने घट्ट बांधायचा, म्हणजे पुन्हा वाकायला नको. आता शिसेकाम करणाऱ्यांची लोखंडी सळई घ्यायची, टोकाला धार करायची, कोळशात पांढरी होईपर्यंत तापवायची आणि सोट्याच्या गाभ्यातून जाळत जाळत आरपार भोक पाडायचं. मग पक्षी भाजायच्या सळया, एकीपेक्षा एक जाड, तशाच तापवून भोक रुंद करायचं. दोन दिवस निववायचं. आणि मग तो सोटा घराच्या आढ्याला धुरात टांगून ठेवायचा, पूर्ण सुकेपर्यंत.

त्याच हंगामात हेझलची ओली फांदी आणि ब्लॅकथॉर्न, रानसफरचंद किंवा ज्युनिपरचा एक लवचिक फोक तोडून, शेकून, सुकवून ठेवायचा. ही दोन्ही एकमेकांना बांधली की काठीचा वरचा अर्धा भाग तयार होतो. आणि हा वरचा भाग, इथेच सगळी गंमत आहे, खालच्या पोकळ सोट्यात अख्खा आत जातो. सोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडाची किंवा पितळेची कडी, बुडाला एक टोकदार खिळा, आणि आतला भाग बाहेर काढायला एक सरकती कळ. झालं. आता ती हातात घेऊन चालायला लागा. पुस्तक मोठ्या समाधानाने सांगतं की तुम्ही कुठल्या कामाला निघाला आहात हे रस्त्यात कोणालाही कळणार नाही. चालायची काठी घेऊन निघालेला एक सभ्य गृहस्थ, एवढंच दिसेल.

(घरी न सांगता मासे धरायला जाणाऱ्यांची जमात किती जुनी आहे बघा. आमच्या घरातल्या काही मंडळींना हे वाचून ठसका लागेल, त्यांनी पाणी प्यावं.)

मी ही कृती पहिल्यांदा वाचली तेव्हा काठीपेक्षा मला त्या पोकळीचंच नवल वाटलं. काठीचं वेष्टण म्हणजे काठीच! नाजूक शेंडा जाड बुंध्याच्या पोटात. वेगळी पेटी नाही, पिशवी नाही, नळी नाही. आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या लक्षात बरीच उशिरा आली: तो सोटा पोटात काही घ्यायच्या आधी आठवडेच्या आठवडे धुरात टांगलेला आहे. म्हणजे धक्क्यापासून जपणं आणि ओलीपासून जपणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्या लिहिणाऱ्याला (किंवा लिहिणारीला) नीट माहीत होतं. पुढच्या पाचशे वर्षांत पहिलं काम लोकांनी फार छान केलं. दुसरं मात्र पुन्हा पुन्हा विसरलं गेलं.

आपल्याकडे कोकणात गरी टाकणाऱ्या माणसाला ही कटकट कधीच नव्हती. परड्यातला बांबू तोडला, दोरी बांधली, आकडा लावला, खाडीवर गेला. संध्याकाळी परत आल्यावर काठी पडवीच्या वाशांवर. मोडली तर दुसरी. आणि चुलीवरच्या माळ्यावर धूर लागतो तिथे ठेवलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं, तिला १४९६ च्या पुस्तकाची गरज नाही. बांबू पावसाळा संपल्यावर थंडीत तोडावा, शक्यतो अमावास्येच्या सुमारास, हेही ती सांगेल. अमावास्येचं राहू द्या, पण थंडीचं म्हणणं तिकडच्या मायकेलमस-कँडलमसशी तंतोतंत जुळतं. तेव्हा लाकडात रस कमी असतो, कीड कमी लागते.

वेष्टण लागतं ते काठी महाग झाल्यावर आणि घरापासून लांब जायला लागल्यावर. हे दोन्ही व्हायला बराच काळ जावा लागला.

मध्ये जपानचा एक मुक्काम करून जाऊ, कारण तो चुकवला तर वाईट वाटेल. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, अठराव्या शतकात बांबूच्या जोडकाठ्या करणारे कारागीर नावारूपाला आले. चार-पाच-सहा तुकड्यांची काठी, आणि बारीक तुकडा जाड तुकड्याच्या पोकळीत सरकवून ठेवायचा. सगळी काठी मिटवली की हातात दोनच नळ्या राहतात. तीच १४९६ ची युक्ती, कोणी कोणाचं न बघता. फक्त जपान्यांनी ओलीचा बंदोबस्त काठीच्या अंगावरच केला: उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचं लाखेसारखं लेपन, थरावर थर. आणि गंमत म्हणजे हा चीक सुकायला दमट हवाच लागते. दमट हवेत घट्ट होतो आणि मग दमटपणाला दाद देत नाही. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात काठीला आधी सरसाचा हात आणि मग तेलरंग द्यायची रीत सांगितली, तीही त्याच जातीची. काठीला रेनकोट घाला, मग ती कुठेही ठेवा.

आता खरी महाग काठी.

१८४० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका बनवणारा माणूस होता. तो व्हायोलिनंही बनवायचा. त्याने बांबू उभा चिरून त्याचे काप एकमेकांना चिकटवून काठी करायला सुरुवात केली. बांबूचा सगळा जोर त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असतो, आतला गर नुसता भरणा. तेव्हा गर तासून टाकायचा आणि साल तेवढी ठेवायची. पुढे सहा कापांची पद्धत रुळली: प्रत्येक काप आडव्या छेदात त्रिकोणी, साठ अंशांचा, सहा एकत्र आले की भरीव षट्कोन. टोकाकडे हा षट्कोन काडीपेटीतल्या काडीएवढा बारीक होतो, आणि तरीही त्यात सहा काप असतात! हायरम लेनर्ड या मेन राज्यातल्या माणसाने कापांना कोन पाडणारं यंत्र केलं आणि या काठ्या १८७० नंतर धंद्याच्या प्रमाणात निघायला लागल्या.

आणि बांबू कुठला? आपला. त्याला तिकडे नावच होतं ‘कलकत्ता केन’. कलकत्त्याच्या बंदरातून जहाजात चढायचा म्हणून. त्यावर जागोजागी भाजल्याचे काळे डाग असायचे आणि तिकडचे कारागीर ते टाळून काप काढायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा दक्षिण चीनमधल्या एका सरळसोट, लांब पेऱ्यांच्या बांबूने घेतली. त्याला तिकडे टोंकिन म्हणतात. कलकत्त्याचा बांबू मागे पडला, आणि आपल्याकडे कोणाला पत्ताही नाही की कधीकाळी अमेरिकेतल्या नद्यांवर आपला बांबू वाकत होता.

अशी काठी म्हणजे कित्येक तासांचं हातकाम. ती वाशांवर कोण टाकणार? त्यात रेल्वे आली, शहरातला माणूस सुटीत आगगाडीने नदीवर जायला लागला. डब्यातल्या गर्दीत, घोडागाडीच्या टपावर, हमालाच्या खांद्यावर काठीचे तुकडे मोडायला लागले. मासे मोडतात त्यापेक्षा प्रवासात जास्त काठ्या मोडतात असं तिकडचे जुने लोक म्हणतात, आणि दाराच्या फटीत चेंगरलेले शेंडे त्यात धरलेले नसावेत!

मग वेष्टणं आली. आधी लाकडाची लांब पट्टी, तिला खाचा, प्रत्येक खाचेत एकेक तुकडा, वर कापडी पिशवी आणि नाड्या. याचा मोठा गुण असा की तुकडे सरळ राहतात. बांबूला एक खोड आहे: तो टेकून उभा ठेवला की हळूहळू त्याच बाकात बसतो आणि मग तसाच राहतो. खाच त्याला बाक घेऊ देत नाही. शेंड्यासाठी वेगळी सोय असायची, एक अरुंद बांबूची नळी. चांगल्या काठीबरोबर दोन शेंडे मिळत, कारण शेंडाच आधी मोडतो. जादा शेंडा या नळीत, टोकाला बूच. म्हणजे बांबूला जपायला बांबू. १४९६ चं बीज पुन्हा उगवलं म्हणा.

१८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, विजेच्या मदतीने अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत शोधली. त्याआधी तो धातू चांदीच्या पंगतीला बसायचा. स्वस्त झाल्यावर त्याच्या नळ्या निघाल्या, आणि विसाव्या शतकात गळाच्या भारी काठीबरोबर अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि तिला आट्यांचं पितळी झाकण ही जोडी ठरून गेली. हलकी, मजबूत, देखणी. उंटाच्या पाठीवरून पडली तरी आतल्या काठीला काही होणार नाही.

आणि हवाबंद.

इथे मला घरचं सांगायला हवं. आमच्या काकांची काठी याच जातीची होती. सहा कापांची, तीन तुकड्यांची, नऊ फुटी, विलायती बनावटीची, कारखान्याचं नाव कधीच पुसलं गेलेलं. साठच्या दशकात ती त्यांनी मुंबईत जुन्या बाजारात घेतली, आणि किती रुपयांना घेतली हे काकूंना शेवटपर्यंत सांगितलं नाही. परळहून पवईला रविवारची पहाटेची बस, हातात ती अ‍ॅल्युमिनियमची नळी. पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांची जुनी संस्था आहे, तिथे काकांना सगळे ओळखत. आम्हा पोरांना त्या नळीला हात लावायची परवानगी नव्हती. झाकणाच्या आट्या फिरताना एक बारीक किणकिण व्हायची, ती ऐकून आम्ही धावत यायचो.

२०११ च्या जुलैत काका शेवटचे तलावावर गेले. भुरभुर पाऊस होता. आले, जेवले, दुसऱ्या दिवशी ताप आला, आणि पुढची दोन महिने दवाखान्यातच गेले. ते परत आले नाहीत. काठी नळीत होती, नळी कपाटामागे. तिला कोणी हात लावला नाही. लावण्यासारखं ते घरही राहिलं नव्हतं.

२०२३ मध्ये काकांची नात अमेरिकेहून आली. ती मिशिगनला असते आणि तिथल्या मैत्रिणींबरोबर नदीवर मासे धरते. (रक्त कुठून कुठे जातं!) तिने विचारलं, आजोबांची काठी मी नेऊ का? काकू म्हणाल्या, “वापरणार असशील तर ने. भिंतीला टांगायला असेल तर माझी भिंत काय वाईट आहे?”

नळी उघडली. आट्या गंजल्या नव्हत्या, किणकिण तशीच होती. पण आतून जो वास आला तो बंद विहिरीचा. कापडी पिशवी काळ्या ठिपक्यांनी भरलेली. पिशवीतला शेंडा धनुष्यासारखा वाकलेला आणि त्याचे सहा काप टोकाशी सुटून झाडूसारखे फुललेले. मधला तुकडा एका शिवणीवर उकललेला. बुंधा जरा बरा. नळीला बाहेरून एक पोचा नव्हता. तिने तिचं काम चोख केलं होतं. बारा पावसाळे तिने बाहेरचं काही आत येऊ दिलं नाही, आणि त्या जुलैच्या दिवसाची ओल बाहेर जाऊ दिली नाही.

त्या काळच्या काठ्या प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवलेल्या असत. सरस म्हणजे सुतारांच्या आवडीची चीज, पण ओल आणि उष्णता दोन्हींनी तो मऊ पडतो. म्हणजे बंद ओल्या नळीत काठी आतून सुटत जाते. तिकडच्या कारखान्यांना हे कळत होतंच. १९४० च्या दशकात ऑर्व्हिस या अमेरिकन कंपनीत वेस जॉर्डन नावाच्या कारागिराने बांबूच्या तंतूंत बेकेलाइटच्या जातीचं राळ मुरवायची पद्धत बसवली. त्या काठ्यांना वॉर्निशही लागत नाही. पण तोवर काचतंतूंच्या काठ्या आल्या, १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालावर बंदी घालून टोंकिन बांबूच तोडला, आणि सत्तरच्या दशकात कार्बनच्या काठ्या निघाल्या. कार्बनला बुरशी काही करत नाही. ओलीचा प्रश्न सुटला नाही, काठीच बदलली.

आमच्या काठीसाठी कारागीर शोधायला फार फिरावं लागलं. शेवटी मिरजेला एका सतारी दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. मनात फिलिपीचं व्हायोलिन होतं. त्याने उकललेला तुकडा हातात घेतला, वास घेतला, नखाने सरस खरवडला आणि म्हणाला, “हे तर आमच्यातलंच काम आहे की.” मधला तुकडा त्याने जुळवला, रेशमी दोऱ्याने जागोजागी बांधला. वाकलेला शेंडा गेलाच. पण बांबूच्या अरुंद नळीत बूच लावून ठेवलेला दुसरा शेंडा निघाला, तो सरळ, कोरडा, जसाच्या तसा. तो त्या शेवटच्या दिवशी वापरलाच नव्हता हे एक कारण. बांबू आणि बुचातून हवा थोडी येत-जात असणार हे दुसरं, निदान माझा तसा तर्क आहे.

निघताना तो म्हणाला, “तंबोऱ्याला कधी लोखंडी पेटीत कोंडलेला बघितलाय का घरात? गवसणी असते ती कापडाची.”

गवसणी! किती दिवसांनी हा शब्द ऐकला. आता तो फक्त ‘आकाशाला गवसणी’ यात उरलाय, आणि भाषणं करणाऱ्यांनी तोही झिजवलाय. गवसणी म्हणजे वाद्याला घालायचा कापडी अभ्रा. धूळ येत नाही, हवा येते. पेशवे दफ्तरातले कागदही असेच कापडी रुमालांत बांधलेले, म्हणून तर त्यांना ‘रुमाल’च म्हणतात. आपल्या दमट देशात जपण्याची जी रीत होती ती कापडाची होती, हा विचार मला परतीच्या गाडीत आला आणि सांगलीपासून कराडपर्यंत पुरला.

पण नुसती गवसणी विमानात चालणार नव्हती. सामान फेकणाऱ्यांना तंबोरा आणि दुधी भोपळा यांतला फरक कळत नाही. धक्क्याला नळी हवी, ओलीला कापड हवं, आणि नळी बंद नको. तेव्हा ठरवलं की घरीच करायची.

तिकडचे मासेवाले आपापल्या नळ्या पीव्हीसीच्या पाइपातून करतात. हा पाइप १९३० च्या दशकात जर्मनीत पाणीपुरवठ्यासाठी निघाला आणि आता जगातल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात आहे. मी ७५ मिलिमीटरचा घेतला. सगळ्यात लांब तुकडा सांध्याच्या धातूच्या नळीसकट ९४ सेंटिमीटर भरला. दोन्ही टोकांना गादी आणि पिशवीची घडी धरून पाइप १०२ सेंटिमीटरवर कापला. दुकानदाराने करवतीने कापून दिला आणि आतल्या कडेचे ओरखडे कानसने घासायला सांगितले. ते नक्की करा, नाहीतर तीच कड पिशवी फाडते.

खालचं टोपण सोल्यूशन लावून कायमचं बसवलं. ते लावल्यावर पाइप आठवडाभर गच्चीत उघडा ठेवला, कारण त्याचा वास वॉर्निशच्या आसपास कोंडू नये. वरचं टोपण नुसतं दाबून बसतं, त्याला बाहेरून बॅगेचा पट्टा. आणि दोन्ही टोपणांना ड्रिलने तीन मिलिमीटरची सहा-सहा भोकं, आतून मच्छरदाणीच्या जाळीचे गोल तुकडे चिकटवलेले. झुरळ आत जाणार नाही, हवा जाईल. भोकं पाडताना शेजारचे आजोबा बघत होते, म्हणाले, “पाइप आणलात आणि भोकं पाडताय, पाणी कुठून न्यायचंय?” :-)

टोकांना नमद्याच्या दोन-दोन चकत्या. फोम मुद्दाम घातला नाही. तो ओल धरतो, आणि काही मऊ प्लॅस्टिकं वर्षभरात वॉर्निशला चिकटून बसतात. त्याच कारणाने काठी पाइपला कुठेच थेट लागू दिली नाही. पिशवी सुती, काकूंच्या जुन्या लुगड्याची. चार उभे कप्पे, तीन तुकड्यांचे आणि एक शेंड्याच्या त्या बांबूच्या नळीचा. प्रत्येक कप्प्याला वर नाडी, म्हणजे पाइप उलटा झाला तरी तुकडे टोपणावर आदळत नाहीत. शिवण काकूंनी स्वतः घातली. मशीनवर नको, हाताने घालते, म्हणाल्या. दोन दिवस लागले.

टोपणांसकट लांबी १०५ भरली, दोन्ही बाजूंचा व्यास धरून बेरीज जेमतेम १२१ सेंटिमीटर. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १५८ ची असते, म्हणजे साध्या बॅगेसारखीच गेली, वेगळे पैसे नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची नळी काकूंकडे आहे. तिच्यात आता लग्नातल्या गुंडाळलेल्या पत्रिका आहेत.

नात काठी घेऊन गेली त्याच्या आदल्या रात्री आम्ही तिला काय काय सांगितलं ते इथे सगळं देत नाही. नदीवरून आलीस की तुकडे पुसून रात्रभर बाहेर ठेव, मग पिशवीत घाल. पाइप उन्हातल्या गाडीत ठेवू नकोस, सरस मऊ पडेल. भिंतीला टेकवून उभा ठेवू नकोस. तिने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. पण काकूंचा मोबाइलवर विश्वास नाही. त्यांनी माझ्याकडून मार्कर घेतला आणि पांढऱ्या पाइपवर, टोपणाजवळ, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘आधी वाळव. मग आत.’